घरात मासा आला

तिचं बोट थांबलं. माशाच्या पांढऱ्या तुकड्यात, डोळ्यांना दिसणार नाही अशा जागी, काटा होता. तिनं तुकडा किंचित वाकवला. टोक वर आलं. ते चिमटीत धरून तिनं तिरकं ओढलं, मांस जरासुद्धा फाटलं नाही. मग दुसरा काटा. मग तिसरा. ती आपल्याच हातांकडे बघत राहिली.

"आई," ती म्हणाली, "मला हे येतंय."

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिची नजर मुलीच्या हातांवर होती.

बसला आग लागली त्याला आता बरेच महिने झाले होते. त्या आगीतून ती वाचली, पण चेहरा भाजून निघाला, धुरानं आवाज बसला तो कायमचा, आणि आधीचं सगळं आयुष्य पाटीवरून पुसावं तसं पुसलं गेलं. ती पट्ट्यांमध्ये गुंडाळलेली असतानाच आईनं तिला दवाखान्यात ओळखलं होतं. घरी आणल्यावर आईनं घास भरवावा तशी एकेक गोष्ट सांगितली. ही तुझी खोली. हे तुझे कपडे. तुला आम्ही चिमी म्हणतो. डॉक्टर म्हणाले होते, आठवेल हळूहळू. काहीच आठवलं नाही. खोली पाहुणीला दिल्यासारखी राहिली. भिंतीवरच्या फोटोतली मुलगी परक्या माणसाकडे बघावं तशी बघायची. चपला बोटांना चावायच्या. आजारपणात पाय सुजतात, असं आई म्हणायची. बाबा फारसं बोलत नसत. 'चिमी' अशी हाक त्यांनी एकदाही मारली नव्हती. नुसतं 'अगं' म्हणत.

आज बाबा कामावरून येताना मासा घेऊन आले. पुडी ओट्यावर ठेवून म्हणाले, आज हिच्या हातचं खाऊ या, कुरकुरीत मासा आणि बटाट्याचे चिप्स, तो एअर फ्रायर नुसता शोभेला ठेवलाय. आईचा चेहरा पांढराफटक पडला. घरभर वास बसेल, असं ती पुटपुटली. देवानं नाक दिलंय ते वास घ्यायलाच, असं म्हणून बाबा हसले, पण ते हसू काही चेहऱ्यावर टिकलं नाही. ते बाहेरच्या खोलीत जाऊन बसले.

आणि आता तिचे हात आपोआप चालले होते. बटाट्याच्या लांबट फोडी तिनं गार पाण्यात बुडवल्या, पाणी गढूळ झालं तसं बदललं, मग फडक्यावर पसरून कोरड्या केल्या. थोडं तेल चोळून त्या आधी एअर फ्रायरमध्ये लावल्या. मासाही टिपून टिपून कोरडा केला. पातळ पीठ तिनं कालवलंच नाही. कढईतलं उकळतं तेल नसलं की ते धरत नाही, जाळीतून खाली गळतं. हे तिला कुठून माहीत होतं, कुणास ठाऊक. कोरडं पीठ, फेटलेलं अंडं, पावाचा चुरा, वरून तेलाचा हलका हात. चिप्स अर्धे शिजल्यावर माशाचे तुकडे एकमेकांना चिकटणार नाहीत असे मांडून तिनं ड्रॉवर ढकलला.

पंखा घोंघावू लागला. त्या आवाजाखाली तिला दुसरा एक आवाज ऐकू आला. कुणीतरी अगदी शेजारी उभं राहून मासे साफ करत होतं आणि तोंडातल्या तोंडात गुणगुणत होतं. खांद्याला त्या माणसाच्या खांद्याची ऊब लागली. ती गर्रकन वळली. शेजारी कुणी नव्हतं. दारात आई होती, आणि तिची नजर अजून त्या हातांवरच खिळली होती.

जेवायला तिघं बसले. बाबांनी तुकडा मोडला. कवच फुटल्याचा आवाज त्या शांततेत उगाचच मोठा वाटला. आतला मासा ओलसर होता, पाकळ्या सुटाव्यात तसा सुटत होता. बाबा सावकाश चावत राहिले. आईनं ताटाला हात लावला नाही. मुलीला मात्र रडू येईल इतका आनंद झाला होता. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिचं स्वतःचं असं काहीतरी परत आलं होतं.

"मी हे आधी नेहमी करायचे का?" तिनं विचारलं.

बाबांनी घास गिळला. "आमच्या मुलीला माशाचा वाससुद्धा सहन व्हायचा नाही. या घरात आजवर मासा शिजलेला नाही."

तिच्या हातातली फोड तशीच राहिली. बाबा तिच्याकडे बघत नव्हते. ते आईकडे बघत होते आणि लहान मुलाला समजवावं तसं हळू बोलत होते. चूक कुणाचीच नव्हती, ओळखायला चेहरा उरला होता कुठे? त्यांना स्वतःला पहिल्या आठवड्यातच संशय आला होता, पण बायकोला दुसरा धक्का सोसवणार नाही म्हणून ते तोंडाला कुलूप लावून बसले होते. आता मात्र गप्प राहवत नव्हतं. ही पोर कुणाची तरी आहे. कुठेतरी कुणीतरी हिच्या वाटेकडे डोळे लावून बसलं असेल. उद्या दवाखान्यात जाऊन झालेली चूक सांगून टाकू.

तिला उठायचं होतं. तिनं फोड ताटात ठेवून दिली.

आई शांत होती. तिनं मुलीच्या ताटात आणखी चिप्स वाढले, माशाचा सगळ्यात खमंग तुकडा निवडून वर ठेवला, आणि मग नवऱ्याकडे वळली.

"चूक झालीच नव्हती," ती म्हणाली. "मला तिथे दोघी दाखवल्या होत्या. आपली कोणती, ते मी बघताक्षणी ओळखलं. पण ती गार पडली होती. हिचा श्वास चालू होता."