जवसाचा फुलोरा

सुभद्राच्या वावरातल्या खोपडीतून सकाळपासून धूर निघाला नव्हता, म्हणून मैनाबाई पाण्याचा तांब्या घेऊन तिकडं निघाली.

"आत्याबाई, तुमी जाऊ नोका," सून शकुन दारातून म्हणाली. तिच्या कडेवर तान्ही पोर होती. "आत्ता-आत्ताच त्यायच्या घरचं मानूस गेलं. गाठीचा ताप तो. जवळ गेलं का लागते म्हन्तेत."

"पानी देते अन् येते."

उंदीर मरून पडायला लागले तसं अर्धं हिवरखेड घरांना कुलपं लावून वावरात येऊन राहिलं होतं. कडब्याच्या खोपड्या, त्याही एकमेकींपासून लांब लांब. बाजार बंद होते. माळ्यांच्या मळ्यात वांगी झाडावरच पिवळी पडली, तरी तोडायला कोणी जात नव्हतं. नाल्यापलीकडं सरकारी तंबू लागला होता. ताप आलेल्याला तिकडं नेत. तिकडून चालत परत आलेलं माणूस अजून कोणी पाहिलं नव्हतं.

सुभद्रा गोधडीवर बसून होती. डोळे लालभडक. मैनाबाईला पाहून तिनं हात आडवा केला. "तथीच थांब. तुह्या घरी तान्हं लेकरू हाय."

मैनाबाई थांबली नाही. तिनं जवळ बसून तांब्या पुढं केला. सुभद्रानं तो उजव्या हातानं घेतला, डावा अंगापासून दूर धरलेला. मैनाबाईनं तिला सावरायला खांद्याखाली हात घातला तशी ती कळवळली. काखेत लिंबाएवढी गाठ आली होती.



"कवापासून?" मैनाबाईनं विचारलं.

"रातीपासून. आताच कोनाले सांगू नोको. सांगतलं का घेऊन जातीन." सुभद्रानं ओठांवरून जीभ फिरवली. "मले भाईर ने मैना. वामनरावाचं जवस फुललं असन. दुपार झाली का पाकळ्या गळते."

ताप डोक्यात चढला, असं मैनाबाईला आधी वाटलं. मग तिच्या ध्यानात आलं. लग्न होऊन दोघी या गावात आल्या तेव्हापासून भाजीची टोपली डोक्यावर घेऊन बाजाराला संगच जात. निघताना अंधार असे, जवसाची फुलं मिटलेली. परतताना दुपार कललेली असे, बांधाखाली निळ्या पाकळ्यांचा नुसता सडा. एक दिवस टोपल्या खाली ठेवू अन् उजाडेपर्यंत इथंच बसू, असं सुभद्रा दर हिवाळ्यात म्हणे. अन् मैनाबाई दर हिवाळ्यात म्हणे, "चाल वो, भाजी सुकून राहिली."

तिनं सुभद्राचा उजवा हात आपल्या गळ्यात घेतला आणि तिला उठवलं. दोघी बाहेर आल्या. लांब आपल्या दारात उभ्या असलेल्या शकुननं ते पाहिलं. पोरीला छातीशी धरून ती आत गेली.

वामनरावाचं वावर हाकेच्या अंतरावर होतं, पण सुभद्रा दोनदा वाटेत बसली. शेवटचा टप्पा मैनाबाईनं तिला जवळजवळ उचलूनच नेलं.

बांधावरून दिसलं ते सगळं निळं होतं. पार पळसाच्या झाडांपर्यंत निळं. वारा आला की फुलं एका अंगावर कलत आणि पुन्हा उभी राहत. मधमाश्यांचा आवाज भरून राहिला होता.

"आवो माय," सुभद्रा म्हणाली. "एवढं होतं हे?"

 मैनाबाईला राग आला होता आणि तो कोणाचा, हे तिचं तिलाच कळत नव्हतं. इतकी वर्षं हे इथंच होतं, वाटेला लागून.

सुभद्रा तिच्या मांडीवर टेकून पाहत राहिली. "पयल्या पोळ्याले तू असंच लुगडं नेसली होती."

"ते हिरवं होतं."

"निळं होतं."

"हिरवं, बापा! नेसली मी, का तू?"

सुभद्रा हसली. हसताना गाठीतून कळ निघाली, तरी हसतच राहिली. मैनाबाईलाही हसू आलं. या वावरात कित्येक दिवसांत कोणी हसलं नव्हतं. दूरच्या खोपडीतला एक म्हातारा मान वर करून बघायला लागला.

ऊन तापलं. एक पाकळी गळाली, मग दुसरी. मग बघता बघता निळा रंग विरळ होत गेला आणि खालचं हिरवं दिसायला लागलं. सुभद्राला ते दिसलं की नाही, कोण जाणे. तिचे डोळे मिटले होते आणि अंग चुलीसारखं पोळत होतं. मैनाबाईनं तिला तशीच उचलून खोपडीत परत आणलं.

दिवस मावळायच्या आधी शकुन भाकरी घेऊन आली. सुभद्राच्या खोपडीपासून बरीच दूर उभी राहिली.

"आत्याबाई, घरी नाई आल्या?"

"भाकर तथीच ठेव," मैनाबाई दारातून म्हणाली. "समोर येऊ नोको."

शकुनचा चेहरा उतरला. "गाठ हाय?"

"हाव."

"मंग तंबूत सांगा लागते."

"उद्या सांगजो. अन् माही गोधडी आनून दे, इकडं फेक. पोरीले मले दाखवाले आनू नोको."

शकुननं डोळ्यांना पदर लावला. गोधडी आणली, जमेल तेवढ्या जोरानं फेकली. ती मधेच धुळीत पडली. मैनाबाई बाहेर आली तशी शकुन दोन पावलं मागं सरली आणि तिथंच उभी राहून रडायला लागली. मैनाबाईनं गोधडी उचलली, झटकली आणि आत नेऊन सुभद्राच्या शेजारी पसरली.

सुभद्रानं डोळे न उघडता विचारलं, "कोन आलं वो? न्याले आले का?"

"कोनी नाई," मैनाबाई म्हणाली. "मीच आहो. सरक तिकडं."