दोन गाद्यांमधली फट

हेनिंगने कपाटातली जादाची घोंगडी काढली, तिची लांबलचक वळकटी केली आणि पलंगावरच्या दोन गाद्यांमधल्या फटीत अशी ठासून बसवली, की वरून हात फिरवला तर एकच सलग गादी वाटावी. मग कमरेवर हात ठेवून तो आपल्याच कारागिरीकडे कौतुकाने बघत राहिला. हॅनोव्हरच्या भर बाजारातलं स्वस्तातलं हॉटेल. खोली एवढीशी, की एकाला बॅग उघडायची तर दुसऱ्याने पाय वर घेऊन बसायचं. पण पलंग मात्र जर्मन रीतीचा, शेजारी शेजारी दोन गाद्यांचा आणि दोन दुलयांचा. इथली माणसं जन्मभर त्या मधल्या फटीला शिव्या देत झोपतील, पण सबंध गादी घ्या म्हटलं तर घेतील? नाव नको!

"बघ," तो मारेनला म्हणाला, "आता रात्री तुझी कंबर खड्ड्यात जायची नाही."

"वा रे सुतार!" मारेन हसली खरी, पण तिचं लक्ष न्हाणीघराच्या दाराकडे होतं. आत तिची मुलगी युले दात घासत होती. मारेनने त्याला सकाळीच गाडीत स्पष्ट सांगितलं होतं, "युले सहा वर्षांची असली तरी घर तिचंही आहे. या दोन दिवसांत तुमचं जमलं, तर सामान घेऊन राहायला ये. नाही जमलं, तर आपण आपलं कॉफीपुरतं भेटू."

आणि जमायची काही लक्षणं नव्हती. प्राणिसंग्रहालयात पोरगी दिवसभर आईच्या पलीकडून चालली. हेनिंगने आइस्क्रीम घेऊन दिलं, ते तिने मुकाट्याने खाल्लं आणि थँक्यू आईला म्हणाली.

युले ब्रश तोंडात धरूनच बाहेर आली. जूनमधले रात्रीचे आठ म्हणजे खिडकीत अजून लख्ख ऊन होतं. ती पलंगापाशी आली, थबकली आणि तिने गादीच्या मधोमध हात फिरवून बघितला.

"फट कुठाय?"

"बुजवली!" हेनिंग फुशारकीने म्हणाला. "एकदम पक्की. आणि तुझ्यासाठी खिडकीशी तो सोफा केलाय. राणीसारखी झोप."

युलेचा खालचा ओठ थरथरला. मग तिने असं भोकाड पसरलं की तोंडातला फेस दुलईवर उडाला.

"ती माझी जागा आहे! फटीत मी झोपते! तुला कोणी सांगितलं हात लावायला? तू आमचा कोणीपण नाहीस!"

"युले! असं बोलतात का मोठ्या माणसांशी?"

"बोलू दे तिला," हेनिंग म्हणाला. त्याचं तोंड उतरलं होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. शाळेत जाईपर्यंत तो स्वतः आईबापाच्या मधल्या फटीत झोपला होता. एकीकडे आईचा श्वास, दुसरीकडे बापाचं घोरणं, आणि दोन्ही दुलयांची टोकं त्याच्या अंगावर. मोठ्यांना तो खड्डा वाटतो, पोरांची ती हक्काची जागा असते. हे आपण विसरलोच कसे, म्हणून त्याला स्वतःची लाज वाटली.

तो गुडघ्यांवर बसला आणि घोंगडी ओढायला लागला. ती कसली निघतेय! मघाशी अंगातली सगळी ताकद लावून ठासली होती ना. ओढून ओढून तो लालबुंद झाला.

युले मुसमुसत बघत होती. शेवटी तिलाच राहवेना.

"पाय लाव की! पाय लावून ओढ!"

त्याने पलंगाला पाय लावला आणि जोर केला. घोंगडी एकदम सुटली आणि हेनिंग सोफ्यावर आपटून खाली बसला. युलेच्या नाकातून फुस्सकन हसू आलं. तिने ते लगेच आवरलं आणि फटीत जाऊन आडवी झाली.

"तुम्ही दोघी इथंच झोपा," हेनिंग उठत म्हणाला. "मी सोफ्यावर पडतो." एक उशी, एक दुलई उचलून तो खिडकीशी गेला. सोफा त्याच्या गुडघ्यांपर्यंतच पुरत होता. तो छाताडाशी पाय घेऊन पडला आणि मनातल्या मनात म्हणाला, संपलं, आता कॉफीच. त्याला फार वाईट वाटलं.

खाली ट्राम घंटा वाजवत गेली. मग पलंगावर काहीतरी घसरल्याचा आवाज झाला.

"आई, आत गेले!"

रिकामी गादी कडेला सरकली होती आणि युले कमरेपर्यंत फटीत रुतली होती. मारेनने तिला वर काढलं, गादी पुन्हा लावली. युले जरा वळली, की पुन्हा तेच.

थोडा वेळ फटीतून नुसते उसासे ऐकू आले.

"हेनिंग."

दिवसभरात तिने पहिल्यांदाच त्याचं नाव घेतलं होतं. तो धडपडून उठून बसला.

"काय गं?"

"इकडं ये. त्या गादीवर झोप."

"अगं, पण मघाशी तूच म्हणालीस ना..."

"तिथं कोणी नसलं की ती सरकते!" एवढंही कळत नाही का, अशा सुरात ती म्हणाली.

हेनिंग उशी आणि दुलई घेऊन आला आणि जपून, श्वास रोखून त्या गादीवर आडवा झाला. गादी जागच्या जागी राहिली. युलेने त्याच्या दुलईचं टोक ओढून आपल्या खांद्यावर घेतलं, दुसऱ्या बाजूने आईच्या दुलईचं घेतलं आणि डोळे मिटले.

"आमच्या घरीपण सरकते," ती म्हणाली.