बेचाळीस मीटर

"बॅटरी बिल्कुल नई है, मैडम." खुर्चीच्या पाठीवरचा कोड मोबाइलवर वाचत केंद्रातला माणूस खूश झाला.

नोएडातलं हे केंद्र वापरलेल्या व्हीलचेअर तपासून पुढच्या गरजूला देतं. ही खुर्ची आईची. आईला जाऊन महिना झाला. देवयानी आणि तिचा धाकटा भाऊ चैतन्य ती घेऊन आले होते.

नोंद. एकूण अंतर : चौऱ्याऐंशी मीटर.

देवयानीने आकडा दोनदा वाचला.

दिल्लीत लक्ष्मीबाई नगरात तिचं सरकारी क्वार्टर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. म्हणून आई दीड वर्षं गुडगावला चैतन्यकडे. तळमजल्यावरचं घर, समोर चाळीसेक मीटरवर सोसायटीचं गेट, मागे लांबवर बाग. मोटरची खुर्ची देवयानीनेच पाठवली. आई बागेत फिरेल म्हणून. आणि फोनवर आई रोज सांगायची, "आत्ताच बागेतून आले."

संक्रांतीलाही तेच. त्या दिवशी देवयानी चारला तिळगूळ घेऊन जाणार होती. पण तिची नोकरी अतिथिगृहातली. चौदा जानेवारीला पानिपतच्या लढाईच्या स्मारकाला, काला अंबला जाणाऱ्या पाहुण्यांची रीघ लागते. थेट आठला फोन केला. आई हसली. "येणार होतीस होय? विसरलेच मी. बागेत आहे." एवढ्या थंडीत? देवयानी तिला रागावलीसुद्धा.

"चौऱ्याऐंशी मीटर, चैतन्य. पलंगापासून मोरीपर्यंत तरी नेत होतास का तिला?"

चैतन्यने मोबाइलकडे हात नेला.

"खुर्ची अडगळीत टाकलीस. वर आईला खोटं बोलायला लावलंस."

"भैया, इतना काफी है," चैतन्य त्या माणसाला म्हणाला. "बंद कर दो."

"का? अजून काय लपवायचंय?" तिने मोबाइल ओढून घेतला. "पूरा दिखाइए."

"कुछ है ही नहीं, मैडम. एक ही दिन चली है."

"ताई, नको वाचूस."

तिने बोट वर सरकवलं.

नोंद. चौदा जानेवारी.
३.५० : बेचाळीस मीटर, सरळ पुढे.
३.५३ : थांबली. आसनावर वजन आहे.
५.०० : जागेवर. वजन आहे.
६.०० : जागेवर. वजन आहे.
७.०० : जागेवर. वजन आहे.
८.०४ : बेचाळीस मीटर, मागे.