शकूचा तोल

"डावा पाय उचल, शकू. खुर्चीला हात लावायचा नाय."

शकूने पाय उचलला, लगेच डुलली आणि खुर्ची घट्ट धरली.

"अगं, असं." कमलाकांतने स्वतःचा पाय उचलला. तोही थोडा हलला, पण ओठ आवळून उभा राहिला.

हिना ओट्यावर बसून बघत होती. ती फिजिओथेरपिस्ट. बोईसरहून स्कूटीवर मुरबे गावात यायची आणि म्हाताऱ्या माणसांनी पडू नये म्हणून त्यांना घरीच व्यायाम शिकवायची.

"छान. काका, थोडा वेळ तसेच राहा. काकूंना नीट बघू दे."

मे महिन्यात शकू मोरीत पडली होती. कमलाकांत तेव्हा बंदरावर होता. घरी आला तर ती खाटेवर बसलेली आणि शेजारची नलू तिच्या गुडघ्याला तेल चोळत होती. हाड मोडलं नव्हतं, पण शकू उठताना भिंत धरू लागली.

त्याच संध्याकाळी मुलाने, सुजीतने, सांगून टाकलं, "आई सावरली तरच तुमी बोटीवर यायचं, बाबा. नायतर पावसातली मासेमारीची बंदी उठली की मी नि खलाशी जाऊ. तिला घरात एकटी ठेवायची नाय."

कमलाकांत बोटीचा तांडेल होता, खलाशांचा म्होरक्या. मोसमाची पहिली फेरी त्याने कधी चुकवली नव्हती. वल्हं हातात आलं तेव्हापासून बोट त्याच्याशिवाय खाडीबाहेर पडलेली कोणी पाहिली नव्हती.

"बंदी उठायच्या आत तुझ्या आईला डोंबाऱ्यासारखी दोरीवर चालवतो," तो म्हणाला.

व्यायामाच्या पहिल्या दिवशी हिनाने दोघांनाही समोर बसवलं. शकूला विचारून झाल्यावर ती कमलाकांतकडे वळली. तो बोटीवर काय काय करतो, कसा चढतो, कुठे उभा राहतो.

"माझं कशाला?"

"काकूंना धरणार कोण? तुम्हीच ना? मग तुमचंही कळायला हवं."

हे त्याला पटलं. फळीवरून चढणं, ओल्या तक्त्यावर उभं राहणं, दोर ओढणं, त्याने सगळं सांगितलं.

"तुम्ही कधी पडलात, काका?"

"दर्या हलतो, पोरी. मी नाय हलत." तो कोपराची खपली खाजवत म्हणाला.

जाळं सांधत बसलेल्या सुजीतने बापाकडे पाहिलं आणि पुन्हा मान खाली घातली.

"सगळ्यांना एकच व्यायाम चालत नाही," हिना म्हणाली. "माणूस काय काम करतो ते बघून बसवावा लागतो."

तिने जुन्या जाळ्याची घडी घालून त्यावर उभं राहायला सांगितलं. विटांवर फळी ठेवून ती आडव्या पावलाने ओलांडायला सांगितली. खांबाला दोर बांधून, गुडघे थोडे वाकवून तो ओढायला सांगितला.

"ही दोर कशाला ओढेल?" कमलाकांतने विचारलं. "ही काय जाळं काढणार हाय?"

"घरात दोर आहे म्हणून," हिना म्हणाली. "आणि एक नियम. आधी काका करतील, मग काकू. तुम्ही जेवढे खाली बसाल तेवढ्याच त्या बसतील."

शिकायला शकू फार जड निघाली. आज उजवा पाय दुखतो म्हणायची, उद्या डावा. दाखवलेलं लगेच विसरायची.

"डोकं पण आपटलंस काय मोरीत?" कमलाकांत वैतागायचा.

"तुमी दाखवा ना परत एकदा. तुमच्यासारखं मना जमत नाय."

मग तो परत दाखवायचा. पाटावरून हात न टेकता उठायचा, बसायचा, उठायचा. पाऊस सुरू झाला तसा व्यायाम पडवीत आला. हिना फळीखाली आणखी विटा लावत गेली. नंतर डोळे मिटून उभं राहायला लावलं. कमलाकांत एक पायरी चढला की शकू मागून हळूच चढायची, कधी पुढे नाही.

जुलै संपता संपता हिनाने शेवटची तपासणी घेतली. आधी काकांची, मग काकूंची.

"आता काळजी नाही," ती म्हणाली. "काका, खुशाल जा."

"माझ्या हाताखाली तयार झाली ती," कमलाकांत सुजीतला म्हणाला. सुजीतने मान डोलावली.

निघायच्या सकाळी त्याने शकूला बजावलं, "मी नसलो की भिंत धरून चालायचं."

"धरते."

खाडीवर चिखल होता, फळी ओली होती. सुजीतने वरून हात पुढे केला. कमलाकांतने तो बाजूला सारला आणि सरळ चालत बोटीवर चढला. सुजीतने खिशातून फोन काढला आणि नाळेकडे, बोटीच्या पुढच्या टोकाला गेला.

भरतीला अजून वेळ होता. कमलाकांतने खिसा चाचपला. तंबाखूची डबी घरीच राहिली होती. तो तसाच फळीवरून उतरला आणि घराकडे निघाला.

गल्लीच्या वळणावर त्याला नलूचा आवाज आला.

"चढले ना नीट?"

"हात न धरता. आताच सुजीतचा फोन आला."

तो थांबला. नळाजवळ शकू उभी होती. बाजाराला निघाली होती. डोक्यावर सुक्या बोंबलांची शिगोशीग भरलेली पाटी होती. दोन्ही हातांनी ती पदर खोचत होती. एकाच पायावर उभी राहून दुसऱ्या पायाच्या टाचेचा चिखल दगडावर घासत होती. पाटी जराही हलत नव्हती.

"सुटले बाय एकदाची," शकू हसत म्हणाली. "आता मना पडायला नको."

कमलाकांतने कोपरावरून हात फिरवला. खपली केव्हाच गळून गेली होती.

तो चार पावलं मागे गेला आणि मोठ्याने खाकरला. मग वळणावरून पुढे आला. पाटी खाली होती आणि शकू भिंत धरून डुलत उभी होती.

"सावकाश, शकू," तो म्हणाला आणि त्याने तिला हात दिला.