आधाराविना

अपिलाची तारीख आल्यापासून मी यांना एकच बजावत होते, "साहेब आले तरी उठायचं नाही." गेल्या तपासणीला यांनी काठी दाराबाहेरच ठेवली होती, साहेबांसमोर काठी टेकत जायचं नसतं, ही पलटणीतली सवय. निकाल आला: माजी सैनिक आधाराविना चालतो, अपंगत्वाची पेन्शन बंद. आज फेरतपासणीच्या खोलीत डॉक्टरांसमोर बसलो होतो; काठी यांच्या एका हातात होती, दुसरा मी घट्ट धरला होता. दार उघडून अपील ऐकणारे लष्करी साहेब आत आले आणि माझ्या हातातून यांचा हात सुटला. काठी घरंगळत टेबलाखाली गेली. हे ताठ उभे, कडक सॅल्यूट. डॉक्टरांचं पेन चालू लागलं. "वा, बसा बसा!" साहेब खूश झाले. हे उभेच, गुडघा लटपटत होता. काठीशिवाय यांना बसताच येत नाही. मी काठीसाठी वाकले. "राहू दे," हे पुटपुटले, "साहेब बघताहेत."