माझाच हात हलला

नव्या फोनच्या कंपनीतला समारंभ उरकून त्यांच्या जाहिरातीचा फोटोग्राफर धावतपळत बहिणीच्या घरी पोचला, तोवर आईने डोळे मिटले होते.

“जाताजाता हसली रे दादा. तेवढ्यात मी फोटो काढला,” म्हणत बहिणीने तोच नवा फोन पुढे केला. पडद्यावर नुसता पिवळट डाग होता; आईचे डोळे कुठले नि ओठ कुठले, काही कळत नव्हतं.

“माझाच मेलीचा हात हलला असेल. तुझ्या जाहिरातीतली आजी बघ, अशाच मिणमिणत्या उजेडात, याच फोनने काढलीस, तरी सुरकुती न् सुरकुती दिसते. ती बघूनच तर घेतला मी.”

 

ज्या मोठ्या कॅमेऱ्याने त्याने ती आजी टिपली होती, तो खांद्यावरून उतरवून त्याने गुपचूप दाराआड ठेवला.