वेळेआधीची अजान

"लाल्ला, तुमच्या कंप्युटरला भूक फार लवकर लागते बुवा," कंप्युटर दुरुस्त करणारा बूश्ता घरच्या बाईंना म्हणाला. रमजानात तो न बोलावता तिसऱ्यांदा आला होता. क्रॅश झाल्यापासून ते मशीन तासभर पुढे पळायचं आणि रोजा सोडायची अजान ऊन असतानाच वाजवायचं. बूश्ताने दोनदा वेळ लावली, नवा सेल टाकला, तरी तेच. गल्ली त्याच्या कारागिरीला हसत होती.

आज त्याने नीट पाहिलं. घड्याळ बिघडलं नव्हतं, कुणीतरी मुद्दाम पुढे केलं होतं.

लाल्ला जुहूरने कोपऱ्यात स्पीकरला टेकून बसलेल्या नवऱ्याकडे पाहिलं. हाजी मिलूदना धड दिसत नव्हतं, धड ऐकू येत नव्हतं.

"साखर आहे ह्यांना. डॉक्टरांनी रोजे बंद केलेत, पण हा माणूस ऐकतोय कुठे? पहिल्यांदा ते आपोआप बिघडलं, तेव्हा ह्यांनी तासभर आधी खजूर खाल्ला. त्या दिवशी हात थरथरले नाहीत रे ह्यांचे. मग रोज मीच बिघडवते."

"आणि मशिदीची अजान?"

"ती कुठली ऐकू येतेय ह्यांना."

बूश्ताने घड्याळ तासभर पुढेच ठेवलं. गल्ली हसेल तर हसो.

"हाजी, झालं बघा दुरुस्त," तो त्यांच्या कानाशी ओरडला.

हाजींनी त्याची बाही धरून त्याला आणखी खाली ओढलं.

"ओरडू नकोस. मशिदीची अजान मला रोज ऐकू येते," ते पुटपुटले. "तिला सांगू नकोस. तेवढाच तिचा जीव भांड्यात पडतो."